आधी कबूल, मंग साबण

आमच्या शेजारच्या मार्थामावशी कपडे धूत नाहीत, कपड्यांची झडती घेतात. चष्मा कपाळावर ढकलून डाग निरखतात आणि विचारतात, "हे कोणाचं काम?" उत्तर मिळाल्याशिवाय साबणाला हात लावत नाहीत. "आधी कबूल, मंग साबण," हे त्यांचं ब्रीद. रविवारी चर्चमध्ये पाळकांच्या उपदेशाला डुलक्या घेणाऱ्या मावशी मोरीत मात्र स्वतःच उपदेश करतात. "देवबाप तरी काय करते वं? त्याले सगळं ठाऊक असते. पण आपल्या तोंडून ऐकल्याबिगर तोही धूत नाही."

एकदा नवऱ्याचा पांढरा शर्ट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चहा सांडला, असं नवऱ्याचं म्हणणं. मावशींनी शर्ट नाकाशी नेला आणि कुंपणावरून हाक मारली, "काहून गा भाऊ, तुमच्या चहाले तर्री येते काय?"

डॉक्टरांनी तेल बंद केलेल्या त्या गृहस्थाने सावजीच्या खानावळीत गेल्याचं तिथल्या तिथे कबूल केलं. शर्ट स्वच्छ निघाला. नवऱ्याला मी पुढे बरेच दिवस दुधी खायला घातला.

झाकलेला डाग तर त्यांना अजिबात खपत नाही. आमच्याकडे आल्या की आधी टेबलावरची फुलदाणी उचलून खाली बघतात. खाली डाग असतोच. "झाकून जाते काय वं तो?"

अशा या मावशींच्या पेटीत एक डागाळलेला टेबलक्लॉथ घडी करून ठेवलेला होता. त्यांच्या आईने भरलेला, ईस्टरच्या जेवणाला काढायचा. आई गेल्यानंतरच्या ईस्टरला धाकटी बहीण रूथ भर जेवणात म्हणाली, "आईचं दुखणं तू काढलं ते या घरासाठी." तणतणत उठताना तिच्या हातून रश्श्याचा वाडगा उलटला. ती कन्हानला आपल्या घरी गेली, ती पुन्हा आली नाही. टेबलक्लॉथ धुवायचं मी सुचवलं की मावशी म्हणत, "जिनं सांडलं तिनं कबूल करावं. मंग पाहू."

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी पाहते तो अंगणातल्या दोरीवर तोच टेबलक्लॉथ. डाग लालभडक.

"मावशी, हा तर वाढला!"

"साबण लागला की हळद आधी लालच होते. मंग ऊन खाते तिले."

"रूथनं कबूल केलं वाटतं?"

"कायचं कबूल! फोन आला. 'ताई, येऊ काय?' एवढंच म्हणे." मावशींनी सरळ असलेला टेबलक्लॉथ पुन्हा सरळ केला. "ये म्हटलं."

दिवसभर त्या स्टूल टाकून अंगणात बसल्या. ऊन सरकलं की टेबलक्लॉथही सरकवत. एप्रिलमधलं नागपूरचं ऊन. मी ताक नेऊन दिलं आणि ओरडूनही आले. उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी जेवायला मीही होते. रूथ आली. धाकटी असून मावशींपेक्षा थकलेली दिसत होती. टेबलापाशी येताच तिची नजर नेमकी त्या जागेवर गेली. डाग फिकटला होता, पण होता.

"ताई," ती अडखळली, "हा डाग... तवा मी..."

मावशींनी रश्श्याचं भांडं आणलं आणि बरोबर त्या डागावर ठेवलं.

"कुठं आहे वं डाग? बस. जेवून घे."