पाथ्रीकरांची रासबेरी

एप्रिल लागला की शेजारच्या पाथ्रीकरांचा कूलर अंगणात जाई आणि बायको आमच्या घरात. कूलर रासबेरीच्या झुडपांना वारा घाली. कुमुदताई आमच्या पंख्याखाली बसून म्हणत, "पुढच्या जन्मी झाड व्हावं आणि याच घरात लागावं."

महाबळेश्वरच्या थंडीत वाढणारं हे काटेरी झुडूप औरंगाबादेत लावायचं, हीच मुळात डोक्याला कटकट. आमची कॉलनी चिकलठाण्याजवळ. दुपारी नळाची तोटीसुद्धा हाताला चटका देते. पाथ्रीकर कारखान्यात टूलरूमला होते आणि कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर एकच, "वहिनी, सवाल टेम्परेचरचा हाय." दूध नासलं, टेम्परेचर. माझा मुलगा गणितात नापास झाला, तेही टेम्परेचर. एका उन्हाळ्यात त्यांनी बर्फाची अख्खी लादी मुळांभोवती पुरली. माझ्याकडे पाहुणे आले होते, म्हणून मी सरबतापुरता बर्फ मागायला गेले तर पाथ्रीकर खुरपं घेऊन उठले. "वरची माती झाडून देतो की."

बरं, हे झाड स्वतःच्या जागेत राहील तर शपथ. भिंतीखालून मुळं आमच्याकडे यायची आणि माझ्या मेथीच्या वाफ्यात फुटवे काढायची. भाजी खुडताना बोटांत काटे. तक्रार केली की म्हणायचे, "उपटून टाका. तुमच्या हद्दीत मी दखल देणार नाय."

हा सगळा खटाटोप साळव्यांसाठी होता. साळवे त्यांच्या शेजारच्या मशीनवर. दोघं एकाच स्कूटरवरून कामाला जात, एकमेकांच्या डब्यातलं खात. कंपनीच्या सहलीत महाबळेश्वरला साळव्यांनी पहिल्यांदा रासबेरी खाल्ली आणि म्हणाले, "राव, ही आपल्या दारात आली पायजे." पुढे विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. एका दुपारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी साळव्यांच्या तोंडावर त्यांच्या समाजाबद्दल नको ते बोललं. साळव्यांनी पाथ्रीकरांकडे पाहिलं. पाथ्रीकर खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून साळवे बसने जाऊ लागले, आणि मग नोकरी बदलून वाळूजला गेले.

त्यानंतर पाथ्रीकरांनी महाबळेश्वरहून काड्या आणून लावल्या. "पहिलं फळ आलं की साळवेच्या हातात ठेवायचं आन् माफी मागायची," हे त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं.

फळ काही येईना. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, झाडाचा लागेना. रोपवाटिकेच्या काझीसाहेबांनी माझ्यासमोर बजावलं होतं, "साब, इस साल की काडी को अगले साल फल आता है. काटो मत." आणि हा माणूस दर दिवाळीला अंगण साफ करताना सगळ्या काड्या जमिनीलगत छाटायचा. मी भिंतीवरून ओरडायचे. "अरे व्हय की, इसरलोच," म्हणत ते राहिलेली काडीही छाटून टाकायचे. टूलरूममध्ये केसाएवढा फरक पकडणारा माणूस घरी एवढं विसरतो कसा, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

एका फेब्रुवारीत मेथी खुडताना मला लाल काहीतरी दिसलं. कंटाळा करून मी न उपटलेला एक फुटवा गेल्या वर्षीपासून तसाच उभा होता आणि त्याला रासबेऱ्या लागल्या होत्या. मी वाटीत भरून धावत पलीकडे गेले.

पाथ्रीकरांचा चेहरा साफ पडला. "हे तुमच्या हद्दीतलं हाय, वहिनी. हे धरायचं नाय."

"मुळं तुमचीच ना?"

"मग उद्या जाऊ. आज टेम्परेचर..."

"उद्यापर्यंत लगदा होईल याचा. मुकाट्याने स्कूटर काढा."

साळवे पडेगावच्या बाजूला राहत. मागे वाटी सांभाळत मी बसले होते आणि पाथ्रीकर वाटेत उगाच थांबून पेट्रोल बघत होते, चाकाला लाथ मारून हवा तपासत होते. घरासमोर आल्यावर म्हणाले, "तुम्हीच द्या. मी गाडीपाशी थांबतो." मी वाटी त्यांच्या हातात कोंबली आणि कडी वाजवली.

दाराची एक फळी उघडली. साळव्यांचे केस पिकले होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग पाथ्रीकरांकडे.

"इतकी वर्षं लागली व्हय?"

"झाडाला फळच..." पाथ्रीकर बोलता बोलता थांबले. "नाय. मीच छाटत होतो. फळ आलं असतं तर यावं लागलं असतं. तू दार लावून घेशील, त्याचं भ्या वाटायचं. मी तवा बोलाय पायजे होतं, साळवे."

दर दिवाळीला मी या माणसावर भिंतीवरून ओरडत आले होते.

"बोलाय पायजे होतं," साळवे म्हणाले.

मग त्यांनी दाराची दुसरी फळी उघडली.