पाठमोरा मिलिंद

येरवड्याच्या सिग्नलला उगाच हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोवाल्याकडे वळून, दोन्ही हात खाली दाबत ‘हळू, आणखी हळू’ अशी खूण करणारा माणूस दिसला, तर तो आमचा मिलिंद वाघमारे समजावा. टेम्पोवाला शिव्या घालतो. मिलिंद शांतपणे म्हणतो, "तालात घाला."

मी त्याची शेजारीण. तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर गोड बोलून झालं, आता खरं बोलते. मिलिंद विक्षिप्त आहे. कुकरला शिट्टीची खूण करतो, आणि झाली नाही तर कुकरवर डोळे वटारतो. पण हाच माणूस जर्मनी, पोलंड, फिनलंडमध्ये ऐंशी-ऐंशी वादकांचे ऑर्केस्ट्रा चालवतो. वडील लष्कराच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. पोरगं त्यांच्याही पुढे गेलं आणि वाजवायचंच सोडून बसलं! वादकांसमोर उभा राहून नुसती काडी हलवतो.

कॉलनीतली आयटीवाली मुलं विचारायची, "काका, पण तुम्ही एक्झॅक्टली वाजवता काय?"

"काही नाही. तुमचा मॅनेजर तरी कुठे कोड लिहितो?"



खरी तक्रार होती त्याच्या आईची. शांतामावशी ऐंशीला टेकलेल्या, गुडघ्यांपायी परदेशी कधी गेल्या नाहीत. मुलाचे व्हिडिओ लावायच्या आणि चिडायच्या. "वीस वर्षं नुसता कोट बघतेय मी! वाजवणाऱ्यांकडे तोंड, आमच्याकडे पाठ. काम करताना माझं पोर दिसतं कसं, एवढं बघू दे, मग मरायला मोकळी."

मिलिंदने ते मनावर घेतलं. एका सॉफ्टवेअर कंपनीने वर्धापनदिनासाठी त्याचा जर्मन ऑर्केस्ट्रा पुण्यात आणला, तेव्हा त्याने एकच अट घातली. आईची खुर्ची स्टेजवर, वादकांच्या मागे, बरोब्बर त्याच्यासमोर.

कंपनीने अट वाचलीच नसावी. तालमीच्या दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले, तर मॅनेजर हात जोडून उभा.

"सर, मॅडमना पहिल्या रांगेत सोफा देतो ना. मध्यंतरात शाल-श्रीफळ, फोटो, सगळं."

"तिला नारळ नकोय. मी दिसायला हवाय."

"पण फॉरेन डेलिगेट्स आहेत, सर. स्टेजवर अशा... साध्या साडीतल्या आजी... ऑड दिसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिलिंदने मात्र काडी खाली ठेवली. "माझी आई ऑड दिसते ना? मग मीही तिचाच. दोघांनाही वगळा."

आणि पठ्ठ्या स्टेजच्या पायरीवर बसून माझा डबा उघडून जेवायला लागला! समोर ऐंशी जर्मन वादक वाद्यं धरून ताटकळलेले, मॅनेजर एकामागून एक फोन लावतोय, आणि हा मेथीची भाजी चवीनं खातोय. मॅनेजर माझ्याकडे आशेनं बघायला लागला. मी म्हटलं, "अहो साहेब, काडी इथंच आहे. तुम्ही हलवा की."

डबा संपायच्या आत खुर्ची आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांतामावशी पांढरी साडी नेसून, नगाऱ्यांच्या शेजारी ताठ बसल्या. टाळ्या, जल्लोष, सगळं झालं. मला तिसऱ्या रांगेतून मिलिंदची पाठच दिसली. पण मावशींची नजर तासभर त्याच्यावरून हलली नाही.

घरी आल्यावर मिलिंद कोटही न काढता त्यांच्यासमोर उभा राहिला. जगभर फिरलेला माणूस, पण निकाल हातात घेतलेल्या शाळकरी पोरासारखा घाबरलेला.

"कसा दिसलो, आई?"

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शर्टाचं तिसरं बटण नाहीये तुझं. सेफ्टी पिन लावलीयेस. कधीपासून?"

तो ओशाळला. "झाली असतील दोन वर्षं."

"दोन वर्षं? अरे, ऐंशी माणसं रोज तुझ्याकडे तोंड करून बसतात. एकानंही सांगू नये?"

"ते हाताकडे बघतात, आई."

 मावशींनी शिवणाच्या डब्यातून एक बटण शोधून काढलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "सुईत दोरा ओवून दे गं जरा. मला दिसत नाहीये."