चाकांवरच्या माहेराची हकीकत

श्री. कुलस्वामिनीस नमन, ग्रामदैवतास नमन, आणि ज्या आसाभोवती चाके फिरतात त्या आसासही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षापासून पुढे जे वर्तमान घडले ते जसे कानी आले तसे लिहिले आहे. लिहिणाऱ्याचे नाव पुसू नये. राज्याचे नावही पुसू नये, कारण ते आता कोणत्याही नकाशात सापडत नाही.

तर त्या राज्याचे धनी राजश्री रायाजीराजे, पुरुष उंच, बोलणे थोडके, हात कारागिराचा, आणि त्यांचे दरबारी वडिलांपासून रीत ऐसी की वाईट बातमी खाशा धन्यांच्या तोंडावर बोलू नये. गडाची भिंत खचली तर कारभारी अर्ज करीत की भिंत जरा विसावली आहे, आणि पीक बुडाले तर म्हणत की यंदा जमीन आराम करिते, आणि धाकटे बंधू फौज जमवू लागले तेव्हा म्हणाले की धाकट्या राजांना हल्ली पाहुण्यांची बहुत हौस. मग एके सकाळी ते पाहुणे तोफा घेऊन वेशीत उभे राहिले आणि राज्य गेले. वाटणी जाहली. गड, गावे, शिवार, सारे धाकट्यांकडे. आणि थोरल्यांचे पदरी एक मोटार आली, जिच्या पाठीवर घर बांधिले होते: आत चूल, पाण्याची टाकी, भांड्यांच्या फळ्या, आणि अगदी शेवटी, मागच्या खिडकीखाली, एक बिछाना. धाकटे बोलिले, "दादासाहेबांस फिरण्याची आवड. घर घेऊन फिरावे." बोलताना हसले नाहीत, एवढेच त्यांच्याबद्दल चांगले लिहिता येते. कारभारी आणि शिलेदार नव्या धन्याकडे गेले, आणि रायाजीराजांपाशी राहिल्या त्या एकट्या राणी मैनाबाईसाहेब. वेशीबाहेर पडताना राजे चालकाच्या आसनावर बसले, आणि मागे न पाहता बोलिले, "राणीसाहेब, गड तोफेने गेला नाही. तोफ मागाहून आली. गड गेला तो खोट्या खुशालीने. आता या राज्यात कायदा एकच. मागे बसणाऱ्याने पुढच्यास खरे सांगावे." मैनाबाईसाहेब म्हणाल्या, "आज्ञा." मनापासून म्हणाल्या, हे पुढील मजकूर वाचिताना ध्यानी असावे.

आता या उभयतांची एकुलती लेक चंदाबाई, घाटमाथ्यावर व्याही भानजीराव यांचे घरी दिलेली. तिला मागील साली दिवस राहून आशा मोडली होती, आणि यंदा पुनः दिवस राहिले, आणि तिने सांगून पाठविले की बाळंतपण माहेरी व्हावे ऐसी इच्छा आहे. आता माहेर म्हणावे तर गड धाकट्यांचा, आणि तेथे ती पाऊल ठेवणार नाही. तेव्हा राजे बोलिले की माहेराला जमीन नाही तर नाही, चाके आहेत. माहेर उठून लेकीकडे जाईल, तिला पोटात घेईल आणि घाटाखाली दवाखान्याशेजारी उभे राहील. हे बोलणे ऐकून मैनाबाईसाहेबांस रडू आले. परंतु डॉक्टरीणबाईंनी बजाविले होते की वाटेत पोरीला हिसका बसता कामा नये, आणि घराची चाल तर अशी की शेजारून ट्रक गेला की घर त्याच्या अंगावर झुके आणि मग दचकून माघारी येई, आणि स्टेअरिंगचे चाक वीतभर फिरवावे तेव्हा कोठे पुढची चाके जागी होत, आणि मागच्या बिछान्यावर निजलेले माणूस सुपातल्या दाण्यासारखे पाखडले जाई. मिस्त्री बोलवावा तर तो "जाहले, महाराज" म्हणून निघून जाईल, ऐसी राजांस दहशत. दरबाराने एवढे शिकविले होते. म्हणोन त्यांनी पाने, जॅक आणि हातोडा जमविला आणि खाशांनी स्वहस्ते काम आरंभिले.

माळरानावर घर उभे करून राजे खाली शिरत, आणि दिवसभर राणीसाहेबांस त्यांचे दोन पाय तेवढे दिसत. प्रथम चाकांतली हवा पाहिली, कोठे जास्ती कोठे कमी, ती सारखी केली. मग पाण्याची टाकी मागे टांगलेली होती ती सोडवून दोन आसांच्या मध्ये आणिली, आणि वरच्या फळ्यांवरची पितळी भांडी खाली तळाशी बसविली, की डोक्यावरचे ओझे पायाशी यावे. मग स्टेअरिंगचे झिजलेले सांधे बदलून त्यातला ढिला खेळ काढिला, आणि चाकांच्या कडेने दोरी ताणून पुढची चाके सरळ केली, आणि भंगारातून एक आडवा दांडा आणून मागच्या आसाला जोडिला, जेणेकरून एक बाजू दबली तर दुसरीने तिला आवरावे. आणि प्रत्येक फेरफारानंतर परीक्षा ऐसी, की बिछान्यावर पाण्याने भरलेले पंचपात्र ठेवावे, काठाशी बोटभर रिकामे, आणि शेजारी मैनाबाईसाहेबांनी बसावे, आणि राजांनी खडकाळ वाटेवर फेरा मारावा. चालकाला पुढचे कळते, मागचे कळत नाही. ते मागे बसणाराच सांगणार. फेरा संपला की राजे विचारीत, "सांडले?" आणि त्या म्हणत, "सांडले." मग, "किती?" आणि त्या म्हणत, "निम्मे." पुढल्या खेपेस निम्म्याहून कमी, आणि त्याच्या पुढल्या खेपेस घोटभर. खरे सांगावे आणि काम सुधारावे, ऐसा तो काळ उत्तम गेला.

मग तो शेवटचा घोट काही केल्या पात्रात राहीना. राजांनी मसलत केली की मागच्या आसावर घर तोलणाऱ्या कमानी नरम आहेत, त्यांत पोलादी पट्टीचा एक पाटा वाढवावा, आणि वाढविला. त्या फेऱ्यात पाणी निम्मे सांडले, आणि राणीसाहेबांनी तसे सांगितले. राजे आसनावरून उतरले. हात धुतले, पायरीवर बसले, आणि ते दोन्ही हात उलटेपालटे करून पाहत राहिले. मैनाबाईसाहेबांनी भाकरी वाढली ती तशीच वाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक पाटा घातिला, आणि फेरा सुरू जाहला, आणि पहिल्याच दगडाला मागचा भाग असा उसळला की पंचपात्र उलटे जाहले आणि चादर भिजली. तेव्हा मैनाबाईसाहेबांची दृष्टी पुढे गेली, आणि राजांची मान त्यांस दिसली. गड सोडिला त्या दिवशी मान अशीच होती, कोणी मागून मारील आणि आपण काही करणार नाही, ऐसी. घर थांबले. राजांनी विचारिले, "सांडले?" आणि त्यांनी पदराने चादर टिपली आणि म्हणाल्या, "नाही."

राजे हसले. गड गेल्यापासून प्रथम हसले, आणि त्या दिवशी भाकरी मागून घेऊन खाल्ली, आणि मैनाबाईसाहेबांस शेजारी बसवून कमानीचे मर्म समजाविले, जे साफ चुकीचे होते. मैनाबाईसाहेबांना वाटले, उद्या सांगू. उद्या राजे म्हणाले की ज्या पाट्याने गुण आला त्याचाच आणखी एक घालू, म्हणजे घाटातही भीती नको. आता काल खोटे बोललो हे आज कसे सांगावे? म्हणोन आजही सांडलेले टिपले आणि "नाही" म्हटले. पाटे वाढत गेले आणि घर मागून दगडासारखे कठीण जाहले आणि खड्डा आला की लाथ मारू लागले. आणि पुढे बसणाऱ्यास ते कळेना, कारण पुढची चाल खरोखरीच उत्तम जाहली होती, स्टेअरिंग हाताला घट्ट लागत होते, आणि राजे ते कौतुकाने बोलून दाखवीत. मैनाबाईसाहेब रोज चादर मागच्या खिडकीत वाळत घालीत आणि पंचपात्र तांब्यातून भरून ठेवीत. देवापाशी बसत तेव्हा त्यांच्या मनात एवढेच येई, की आपण या माणसावर माया करितो, आणि कारभारी काय वेगळे करीत होते? मग त्या लवकर उठत.

माघ लागला तेव्हा राजांनी हुकूम केला की घर सिद्ध आहे, निघावे. घाट हळूहळू चढले आणि व्याह्यांचे अंगणी जाऊन उभे राहिले. भानजीराव सामोरे आले, नारळ दिला, आणि चंदाबाई जडावलेल्या पावलांनी बाहेर आली, तोंडावर थोडी सूज, परंतु माहेर दाराशी आले म्हणून हरखलेली. भानजीराव भला माणूस, काळजीने विचारिता जाहला, "राजे, उतार वाईट आहे. गाडी मागून उडत तर नाही?" तेव्हा रायाजीराजे छाती काढून बोलिले, "राणीसाहेबांस विचारा. एवढे दिवस पाणी ठेवून पारखले आहे. थेंब सांडत नाही." सर्वांनी मैनाबाईसाहेबांकडे पाहिले. चंदाबाईने एक पाय पायरीवर ठेविला होता आणि आईने हात द्यावा म्हणून वाट पाहत होती.

मैनाबाईसाहेब म्हणाल्या, "चंदे, पाय खाली घे."

"का, आईसाहेब?"

"सांडते. रोज सांडते. मी पुसत होते."

राजांनी वळून पाहिले नाही. विचारिले, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "दुसरा पाटा घातला तेव्हापासून." राजांनी मनात हिशेब केला असावा, की त्यानंतरचा प्रत्येक पाटा, प्रत्येक नट, उन्हात घातलेला प्रत्येक दिवस खोट्यावर उभा होता. आणि भानजीराव, त्यांस बरे वाटावे म्हणून, मृदू बोलिले, "पाण्याचे काय एवढे, राजे. जरा हिंदकळले असेल." हे बोलणे जुन्या कारभाऱ्यांचेच होते, अक्षरशः तेच. राजांनी व्याह्यांस हात जोडिले, लेकीच्या डोईवरून हात फिरविला, आसनावर चढले, आणि रिते घर घेऊन उतरणीला लागले. मैनाबाईसाहेब अंगणातच राहिल्या. त्यांस कोणी राहा म्हणाले नाही आणि जा म्हणाले नाही.

लेकीचे घरी नातवंड होईतो पाणीही पिऊ नये, ही ज्यांची रीत, त्या मैनाबाईसाहेबांनी तेथे दोन वेळा पान मांडून घेतले आणि मान खाली घालून जेविल्या. बाळंतपण सासरीच जाहले. डॉक्टरीणबाई वर आल्या, फार उशीर लागला, आणि मुलगी जाहली, आणि दोघी वाचल्या. बाळंतिणीला शेक देताना मैनाबाईसाहेब बोलून गेल्या, "तुझ्या बाबासाहेबांचे मन मोडवेना गं मला." चंदाबाई डोळे मिटून पडली होती. ती म्हणाली, "बाबासाहेबांच्या हाताला गुण होता, आईसाहेब. तुम्ही खरे सांगितले असते तर त्यांनी घर नीट केले असते. आणि मी माझ्या माहेरी असते." एवढे बोलून तिने कूस बदलली. रागावली असती तर बरे वाटले असते, ऐसे मैनाबाईसाहेबांस जाहले.

मग बारसे ठरले तेव्हा त्या पायीच घाट उतरून निघाल्या. राजे फार लांब गेले नव्हते. पहिल्या मोकळ्या पठारावर घर उभे होते आणि खाली दोन पाय दिसत होते, आणि काढलेले पाटे गवतात एकावर एक रचले होते. त्या उभ्या राहिल्या. राजे बाहेर आले, दाढी वाढलेली, हात काळे, आणि विचारिते जाहले, "पोर कशी आहे?"

"सुखरूप आहे. मुलगी जाहली. दोघी बऱ्या आहेत."

राजे म्हणाले, "बऱ्या म्हणजे कशा?"

"खरेच बऱ्या आहेत, महाराज. बारशाला चलावे, म्हणून आले."

त्यांनी हूं म्हटले, न येतो म्हणाले, न येत नाही. मैनाबाईसाहेबांस काय करावे सुचेना, म्हणोन त्या आत चढल्या, पंचपात्र बोटभर रिकामे ठेवून भरिले, बिछान्यावर ठेविले, आणि शेजारी बसल्या. राजांनी ते पाहिले आणि आसनावर जाऊन बसले. घर चालू लागले. आणि काय सांगावे, जास्तीचे पाटे निघाले होते, कमानी मोकळ्या जाहल्या होत्या, आणि खडक आला तर घर त्याच्यावरून असे उतरले की पाणी थरथरले आणि काठाच्या आतच राहिले. वळणावरही राहिले. पठाराला पुरता वळसा पडला आणि चादरीवर एक थेंब नाही. मैनाबाईसाहेबांच्या डोळ्यांतून मात्र पाणी चालले होते. त्यांस वाटले, जाहले, आता लेकीला आणता येईल, बाळ-बाळंतीण दोघी या बिछान्यावर निजतील, आणि उशिरा का होईना, माहेर होईल.

घर थांबले. राजांनी विचारिले, "सांडले?"

"नाही."

राजे उठून मागे आले. पंचपात्र पाहिले. चादरीवर तळवा फिरविला, उशीखाली फिरविला. मग म्हणाले, "पदर दाखवा." मैनाबाईसाहेबांनी पदर पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून कडेपासून कडेपर्यंत चाचपून पाहिला. कोरडा होता. खिडकीतून ऊन थेट बिछान्यावर येत होते. राजे त्या उन्हाकडे पाहत बोलिले, "वाळला असेल." आवाजात राग मुळीच नव्हता. मग पदर त्यांच्या मांडीवर नीट ठेविला, पायरी उतरले, पाना उचलला, आणि जी कमान अगदी योग्य बसली होती ती सोडावयास घराखाली शिरले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. घर पुढे कधी नीट जाहले, कधी बिघडले, आणि नीट जाहले तेव्हाही तसे कोणाला मानता आले नाही. चंदाबाई माहेरी आली नाही. राजे व राणीसाहेब त्या पठारावर एकत्र राहिले, एकमेकांशी नरमाईने वागले, आणि रोज एक फेरा मारीत. इति. लेखनसीमा.