रुख्माच्या तेरवीचं भजन

पहिला दिवस.

सत्तावन्न सालच्या तापानं कवडूची बायको रुख्मा सकाळीच नेली. तिरडीला चार खांदे लागतात. चारच आले, तेही तोंडाला दुपट्टे बांधून. जाण्याआधी तिनं नवऱ्याकडं एकच मागितलं होतं. "माह्या तेरवीले मारुतीपुढं गावाचं भजन लावजो." कवडू हो म्हणाला होता. मरणाऱ्या बायकोला नाही कोण म्हणतो?

दुसरा दिवस.

कवडूला आठवलं, साथीमुळं भजन महिनाभर बंद आहे.

तिसरा दिवस.

भजन पुन्हा कधी सुरू करायचं, यावर देवळापुढं सभा बसली. भजनाला एरवी सात माणसं यायची. सभेला साठ आली, मांडीला मांडी लावून. सुतकातला कवडू लांब चिंचेखाली बसला.

देवळाचे कारभारी खेमराज पाटील म्हणाले, "गर्दी करू नका म्हणून दवाखान्यातला माणूस सांगून गेला. समजलं का सगळ्याईले?"

"कोणाले आयकू नाही आलं जी!" मागून ओरडा झाला. सगळे आणखी पुढं सरकले.

ठरलं असं, की सलग तीन दिवस गावात कोणी खोकललं नाही तर भजन सुरू. कवडूनं बोटं मोजली. जमत होतं.

पाचवा दिवस.

पहाटे बिसराम खोकलला.

बिसराम वीस वर्षं खोकलत होता. गावातले कोंबडे त्याच्यानंतर उठायचे.

"मी बिमार नाही ना जी! हा खोकला माह्या लग्नातही होता!"

"असंन," पाटील म्हणाले, "पण मोजाचा कसा? आजचा कोणता आणि लग्नातला कोणता?"

उत्तरादाखल बिसराम खोकलला. दुपारी त्याला बैलबंडीत घालून चिचगडला जावयाकडं पाठवलं. कवडूनं सुतक विसरून बंडीला मागून जोर लावला.

सहावा दिवस.

शांत.

सातवा दिवस.

कोणाच्या तरी घरातून ठसका ऐकू आला. तो मिरचीचा होता हे ठरवायला सभा बसली. साठ माणसं.

आठवा दिवस.

शांत. फक्त खालच्या आळीत एक म्हातारी गेली. पण ती खोकलली नव्हती.

नववा दिवस.

"तीन दिवस झाले. भजन सुरू!" पाटलांनी जाहीर केलं. कवडूनं चिंचेखालूनच हात जोडले.

"ढोलक कोण वाजवीन?" कोणीतरी विचारलं.

ढोलक वाजवणारा गावात एकच होता. बिसराम.

अकरावा दिवस.

बंडी बिसरामला घेऊन परतली आणि शिवेवरच अडली. बाहेरून येणाऱ्यानं सात दिवस शिवेवरच्या झोपडीत राहायचं, हा ठराव पहिल्या सभेतलाच होता. कवडूनंच त्याला मान डोलावली होती.

"मले कायले हाकललं आन् कायले आणलं?" झोपडीतून बिसराम ओरडत होता. मधूनमधून खोकलत होता. शिवेबाहेरचा खोकला मोजायचा नव्हता.

बारावा दिवस.

सभेत कवडू चिंचेखालून म्हणाला, "पाटील, उद्या तेरवी आहे. बिनढोलकाचं होऊ द्या."

"बिनढोलकाचं भजन म्हंजे रडणं होते गा, कवडू. पुढच्या शनिवारी करू."

"तिनं तेरवीले म्हटलं होतं."

"तिले आता का घाई आहे?"

साठांतला एक जण हसला. मग आपलं हसू एकट्याचंच आहे हे कळून त्यानं दुपट्टा तोंडावर ओढला.

तेरावा दिवस.

सुतक फिटलं. कवडू देवळात गेला. देवळात मारुती होता, दुसरं कोणी नव्हतं. त्यानं दिवा लावला, टाळ घेतले, एकदा वाजवले. खाली ठेवले. रुख्मानं गावाचं भजन मागितलं होतं, आणि तो एकटा गाव होऊ शकत नव्हता. तेरा दिवसांत त्याला पहिल्यांदा राग आला. तो पाटलाला शोधत तळ्यापलीकडच्या शेताकडं निघाला.

पाटील बांधावर छत्री धरून उभे होते. खाली त्यांच्या बांदीत, धानाच्या वाफ्यातल्या चिखलात, चाळीस बाया वाकलेल्या. खांद्याला खांदा. धानाची रोवणी चालली होती.

"देवळात सात नाही चालत, आन् तुमच्या बांदीत चाळीस चालतात?"

"धान थांबते का गा?" पाटील छत्रीआड झाले.

आणि तेव्हा कवडूला ऐकू आलं. बाया गात होत्या. रामाचं होतं. एकीनं उचलायचं, चाळीसजणींनी झेलायचं. रांगेच्या टोकाला बिसरामची बायको गीताबाई होती. त्याला पाहून तिनं कंबर सरळ केली.

"काऊन गा, भाऊ? असा काऊन उभा राहिला?"

"तिचं भजन राहिलं, वयनी. गाव जमलंच नाही."

गीताबाईनं रांगेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"रुख्माचं ना? ते तर आमी तिसऱ्या दिवसापासून म्हणून राहिलो. रोज. सकाळपासून सांजेपर्यंत. तुले कोणी सांगतलं नाही?"

"नाही."

"कसं सांगन? तुमी सारे सभेत होते."

बाया पुन्हा वाकल्या.

"मंग आता राहिलं काय?" त्यानं विचारलं.

"अर्धी बांदी," गीताबाई म्हणाली, "धोतर खोच आन् उतर खाली."