घरतकाकांची माणसं

घरतकाका उघड्या दारातून कधीच आत आले नाहीत. दार उघडं दिसलं की ते आधी बाहेरून ओढून लावायचे, नीट बसतं का बघायचे, आणि मग उघडून आत यायचे. आमचं ऑफिस रोह्याजवळ वरशात, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, चार माणसं. रोज सकाळी सव्वानऊला आमच्या तोंडावर दार बंद झालं की आम्हाला कळायचं, काका आले.

पुण्यातली नोकरी सोडून मी हे ऑफिस थाटलं होतं. धाटावच्या केमिकल कंपन्यांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. कोणाची कुठली शिफ्ट, कोण कुठल्या बसला, आणि या घडीला गेटच्या आत कोण कोण आहे, हे सांगणारा. मला कॉम्प्युटर येत होता, पण शिफ्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. म्हणून काकांना घेतलं. तीस वर्षं एका कंपनीत ऑपरेटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून एसटीने यायचे. वडील मिठागरावर राबले, आई बरोबर राहायची ती गेली, लग्न राहून गेलं. कंपन्यांचे फोन घ्यायचे, एवढंच त्यांचं काम ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेल्या आमच्या प्रोग्रामच्या एकेचाळीस चुका माझ्यापुढे ठेवल्या. मी आठवडाभर बसून त्या दुरुस्त केल्या. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायला घेतलं.

"काका, हे तर तुम्ही बघितलंय ना?"

"तेव्हा तो वेगळा होता. आता तुम्ही हात लावलाय."

शेवटी कंटाळून मी त्यांना सांगितलं की हे हाताने करायचं नसतं. टेस्ट लिहायच्या असतात. टेस्ट म्हणजे मोठ्या प्रोग्रामला प्रश्न विचारणारा छोटा प्रोग्राम. आम्ही एक ओळ जरी बदलली तरी सगळ्या टेस्ट आपोआप चालतात. उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल.

काका म्हणाले, "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

दोन बोटांनी टाईप करत ते दोन महिन्यांत टेस्ट लिहायला शिकले. वर्षभरात चारशेच्या वर लिहिल्या. सगळ्या चालायला नऊ मिनिटं लागायची. ती नऊ मिनिटं काका हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहायचे. खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, "चालू मशीनसमोर बसत नाय."

सगळं हिरवं आलं की आम्ही खूश. काका नव्हेत. ते मुद्दाम प्रोग्राममधली एखादी ओळ मोडायचे आणि टेस्ट लाल होते का बघायचे. "जो अलार्म कधी वाजलाच नाय, तो चालू हाय कशावरून?" लाल झाली की मगच ओळ परत जोडायचे. एकदा जोडायची राहिली. त्या दिवशी एका कंपनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना एकाच बसमध्ये बसायचा निरोप गेला. काका त्यांना सॉरी म्हणाले, पण टेस्ट चांगली होती असंही म्हणाले.

टेस्टसाठी खोटे कामगार लागतात. बाकीचे लोक एबीसी, एक्सवायझेड अशी नावं देऊन मोकळे होतात. काकांना ते पटायचं नाही. त्यांचा प्रत्येक कामगार गावासकट असायचा. 'पांडुरंग कडू, राहणार निडी, गुडघे दुखतात, थांब्यापर्यंत चालायला अकरा मिनिटं.' आमची सायली नवीन होती तेव्हा एकदा काका सकाळीच हताश होऊन म्हणाले, "पांडूची बस चुकली."

"अरेरे! मग ते आले कसे?"

"आलाय कुठे? काल संध्याकाळी तू ती ओळ काढलीस ना गो, तेव्हापासून थांब्यावर उभा हाय."

सायलीने घाईघाईने ओळ परत घातली. नंतर मला हळूच विचारलं, "त्या पांडूंच्या घरी फोन करायचा का?"

याच सायलीला बघायला मुलाकडचे आले, तेव्हा काका वडीलधारे म्हणून हजर होते. काकांचा आवडता प्रश्न, 'आणि तसं नाय झालं तर?' तो त्यांनी मुलाला सहा वेळा विचारला. शेवटी म्हणाले, "ही ऑफिसातून दमून आली, घरात पाहुणे बसलेत. चहा कोण करणार?"

"मी करेन की," मुलगा म्हणाला.

"करून दाखवा."

मुलगा उठला, सायलीच्या स्वयंपाकघरात गेला, चहा करून आला. चहा चांगला होता. काकांनी तो पुन्हा करायला लावला. "एकदा चुकूनपण जमतं." लग्न झालं. सुखात आहेत.

मी त्यांना वयाने मुलीसारखी. खूश असले की मला 'बाय' म्हणायचे. प्रोग्राममध्ये चूक सापडली की 'मॅडम'.

एका शनिवारी दुपारी त्यांनी हाक मारली, "मॅडम."

सोमवारी एका नव्या कंपनीत आमचा प्रोग्राम सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी तिथे सायरन वाजवून मॉक ड्रिल होती. सगळे कामगार मैदानात जमणार, आणि आत कोण राहिलं याची यादी आमचा प्रोग्राम देणार. एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि पडद्यावर एक टेस्ट लाल होती. काकांनी ती त्याच दिवशी लिहिली होती.

शिफ्ट संपली, पण बदली माणूस आला नाही म्हणून कामगार थांबला. प्रोग्राम त्याला घरी गेलेला धरत होता. तो नियम मीच घातला होता, कंपनीच्या सांगण्यावरून. लोक जाताना कार्ड लावायला विसरतात, म्हणून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने प्रोग्राम आपणच त्यांना बाहेर काढायचा.

"काका, हा नियम कंपनीच्या साहेबांनी मागितलाय. ही टेस्ट सोमवारपुरती बंद ठेवू या."

"नाय."

"एक दिवस फक्त!"

"सायरन कुठल्या दिवशी वाजेल ते मला लिहून द्या. त्या दिवशी चालू ठेवू."

मला राग आला. मी खुर्ची ओढून त्यांची टेस्ट वाचायला लागले, निदान तिच्यात काही खोट सापडेल म्हणून. सापडली ती भलतीच. कामगाराच्या नावाच्या जागी 'एक माणूस' एवढंच लिहिलं होतं. गाव नाही. गुडघे नाहीत. थांबा नाही.

"ह्याला नाव नाही दिलंत?"

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "त्याचं नाव कोणी घेतलंच नाय तेव्हा."

 ते बोलले ते शिफ्टचा रिपोर्ट दिल्यासारखं, एका सुरात.

"माझा बदली आला नव्हता. थांबलो. गळती झाली, सायरन झाला. मी मागे पंपाजवळ, आणि यायची वाट गॅसने भरलेली. ओला रुमाल तोंडाला लावून बसलो. तीनेक तास. बाहेर मोजणी झाली. बरोबर आली. माझी शिफ्ट संपलेली ना. कागदावर मी पेणला पोचलेलो."

"मग?"

"वारा फिरला, तसा बाहेर आलो. मैदानात कोणी नाय. चहाचे पेले पडलेले."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? मोजणी बरोबर आली म्हणून सगळे खूश होते."

"आणि घरी?"

"आई म्हणाली, उशीर केलास. म्हटलं, बस चुकली."

मी नियम काढला. ज्याने जातानाचं कार्ड लावलं नाही तो आतच आहे, असं धरायचं ठरवलं. काकांनी टेस्ट चालवली. नऊ मिनिटं आम्ही दोघंही उभे होतो.

सोमवारी मी आणि काका कंपनीत हजर होतो. अकरा वाजता सायरन झाला. मैदानातली माणसं मोजली. आमच्या यादीत चार नावं उरली. तिघांना फोन लागले. तिघं घरी होते, कार्ड विसरलेले. चौथा मोकल नावाचा, रात्रपाळीचा. त्याचा फोन लागेना.

"हासुद्धा गेला असेल घरी," साहेब घड्याळ बघत मला म्हणाले. "म्हणून तर तो नियम सांगितला होता. आता ड्रिल संपल्याची वेळ नोंदवून टाकू, लोक उन्हात उभे आहेत."

मी काकांना शोधलं, तर ते हेल्मेट घालून पंपांच्या दिशेने निम्म्या वाटेवर पोचले होते. मी आणि सेफ्टी ऑफिसर मागून पळत गेलो. प्लांटच्या टोकाला पंपहाउस होतं. आत इतका आवाज की सायरन ऐकू येणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यात एक माणूस डबा उघडून बसला होता.

"मोकल?" काका ओरडले.

"व्हय. काय झालं?"

"काय नाय. यादीत नाव होतं तुमचं."

"मग?"

"न्यायला आलो."

मोकलने आमच्या तिघांकडे बघितलं, मग डब्याकडे. "बदली आला नाय सकाळचा. आत्ता कुठे घास घेतोय. जेवू का नको?"

"जेवा सावकाश," काका म्हणाले. "मी थांबतो."

सेफ्टी ऑफिसरने मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा उलटा करून ओढला आणि मोकलच्या शेजारी बसले. मोकलने अर्धी भाकरी पुढे केली. काकांनी ती घेतली, पण तोंडाशी नेईनात. हातात धरून बसून राहिले.

मी बाहेर आले. साहेबांचा फोन आला.

"सापडलं का कोणी? आत किती होते?"

"दोन," मी म्हटलं.