पेडलची कॅप

आपल्या हातापायांवर पूर्ण भरवसा ठेवावा अशी माणसं जगात दोनच, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. एक दातांचा डॉक्टर आणि दुसरा शर्यतीतला ड्रायव्हर. पहिला मान त्यांना मिळून बरीच वर्षं झाली होती. दुसरा येत्या रविवारी मिळणार होता. त्यात शंका कसली!

रविवारी परीक्षा होती. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या गाडीवाल्या काकांना आपली जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार विकायची होती. काकांचे गुडघे आता क्लच दाबायला तयार नव्हते. पण मुलगी द्यावी तशी ते गाडी पारखून देणार होते. "ज्याच्या हातात गिअर रडतात त्याला मी गाडीचा आरसासुद्धा विकणार नाही," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

डॉक्टरांना काकांची भीती नव्हती. भीती होती ती बायकोची, कारण तिला गाडी लागायची. वळणाचा रस्ता नुसता नकाशात बघितला तरी तिच्या पोटात ढवळायचं.

"टेकडीवर जाऊन यायचं," तिनं बजावलं. "मी शेजारी डोळे मिटून बसेन. मला उलटी झाली नाही, तर खुशाल घ्या गाडी. झाली, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

"अगं, गाडी लागते ती वळणानं नाही, हिसक्यानं!" डॉक्टर जेवता जेवता हातातला चमचा उगारून म्हणाले. "वळणाआधी ब्रेक दाबून खालचा गिअर टाकतात ना, तेव्हा क्लच सोडला की इंजिन हळू आणि चाकं जोरात. मग बसतो हिसका. तो बसू नये म्हणून ब्रेक न सोडता, त्याच क्षणी रेसच्या पेडलला एक टिचकी मारायची. डावा पाय क्लचवर. उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि त्याच पायाची बाहेरची कड रेसवर. याला म्हणतात हील अँड टो!"

"म्हणजे एका पायानं दोन कामं?"

"एकाच वेळी!"

"मोठे आलात! मी रोज सकाळी एका हातानं चार करते. त्याला कुणी इंग्रजी नाव नाही दिलं."

डॉक्टरांनी हे मनावर घेतलं नाही. सराव तर त्यांनी केव्हाच सुरू केला होता, तोही दवाखान्यात. खुर्चीजवळ जमिनीवर दात कोरायच्या यंत्राचं पेडल होतं, ते झालं रेसचं पेडल. शेजारी पायानं झाकण उघडायची कचऱ्याची बादली सरकवली, तो झाला ब्रेक. झाकण अर्धं उघडं धरायचं, ते जराही हलू द्यायचं नाही आणि पायाच्या कडेनं यंत्राला टिचकी मारायची!

"डॉक्टर, यंत्र बिघडलंय का?" नर्सबाईंनी विचारलं. "मध्येच गुरगुरतंय."

"यंत्र नाही गुरगुरत. दुसरा गिअर पडला!"

नर्सबाईंनी दुपारच्या दोन पेशंटना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

शुक्रवारी स्वतः काका दात पॉलिश करून घ्यायला आले. त्यांच्या तोंडात नुसता मऊ ब्रश होता, म्हणून बरं. डॉक्टर रंगात आले. घूंऽऽ, टिचकी, घूंऽऽऽ! काका हात हलवून "आँ! आँ आँ!" करायला लागले.

"दुखतंय? झालंच हं!" डॉक्टरांनी आणखी तीन वळणं घेतली.

खुर्ची सरळ झाल्यावर काकांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मगाचपासून ओरडून सांगतोय, टिचकी मारताना तुमचा ब्रेक सुटतो! ते झाकण बघा कसं फडफडतंय!"

डॉक्टर क्षणभर खजील झाले, पण क्षणभरच. "दोष पायाचा नाही, पेडलचा आहे," ते म्हणाले. "तुमच्या गाडीतही तेच होणार. रेसचं पेडल ब्रेकपेक्षा फार खाली आहे. माझा पाय पोचत नाही."

"मग करा ना उंच. फक्त माझ्या पेडलला भोक पाडू नका."

"काका, भोक न पाडता उंची वाढवणं हाच तर आमचा धंदा!"

आणि दातांचा डॉक्टरच करू शकेल असा बेत त्यांनी केला. त्यांनी काकांच्या अंगणात जाऊन पेडलचं माप घेतलं, रीतसर, दाढेचं घेतात तसं, आणि त्यावर बसेल अशी सुंदर कॅप बनवली. फिकट गुलाबी. पेडलला हिरडी फुटल्यासारखी दिसत होती.

रविवारी सकाळी ते एकटेच आधी पोचले. काका आत अंघोळीला गेले होते, बायको मागून येणार होती. डॉक्टरांनी शर्यतीचे पातळ तळव्याचे बूट घातले होते. नाडीला गाठीवर गाठ! दातांवर कॅप चिकटवायचं सिमेंट कालवून त्यांनी ती बसवली. कॅप चपखल बसली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बूट सरकू नये म्हणून वरूनही थोडं सिमेंट थापावं, त्यावर बुटाचा ठसा घ्यावा, म्हणजे पेडल अगदी आपल्या पायाच्या मापाचं होईल, असं त्यांच्या डोक्यात आलं. ते सीटवर बसले, बुटाची कड त्यावर दाबली आणि पेशंटना सांगतात तसं स्वतःलाच म्हणाले, "पाच मिनिटं हलायचं नाही."

ठसा घेण्याआधी व्हॅसलीन लावायचं असतं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. डॉक्टरांनी ते लावलं नव्हतं.

पाच मिनिटांनी पाय उचलला, तर पेडलही वर आलं. खाली दाबला, तर खाली गेलं. नाडी सोडायला वाकले, तर मध्ये स्टिअरिंग आणि स्टिअरिंगच्या अलीकडे पोट. एवढ्यात बायको आली. कागदी पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि तिनं डोळे घट्ट मिटले.

"चला. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

काका फाटकात येऊन उभे राहिले. "मी इथूनच ऐकतो! मला आवाजावरून सगळं कळतं!"

आता सांगावं, तर गाडीही जाणार आणि अब्रूही. डॉक्टरांना घाम फुटला. त्यांनी चाचपून पाय जरा डावीकडे कलता केला, तर पुढचा भाग अलगद ब्रेकवर टेकला, दाबला, ब्रेक लागला! कड रेसवर, पुढचा भाग ब्रेकवर. अरे, हीच तर ती स्थिती! आयुष्यभर घासून लोकांना जे जमत नाही, ते सिमेंटनं पाच मिनिटांत करून दाखवलं होतं. डॉक्टरांचा आत्मविश्वास दुप्पट झाला. त्यांनी गाडी काढली.

आणि काय सांगावं! पहिलं वळण आलं, ब्रेक, क्लच, टिचकी, दुसरा गिअर, आणि हिसका नाही! दुसरं वळण, तेच! पाय चुकायला जागाच नव्हती, तो चुकणार कुठे? गाडी लोण्यातून सुरी जावी तशी टेकडी चढली.

वर एक आजीबाई काठी टेकत रस्ता ओलांडत होत्या. डॉक्टरांनी अदबीनं गाडी थांबवली. पण ब्रेक दाबला की कड रेसला लागायचीच. व्रूम! आजीबाई दचकल्या. व्रूम व्रूम!

"मेल्या, मी काय पळू?" आजीबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "कर आवाज! आता हलतच नाही!"

"आजी, तुम्ही या सावकाश, मी थांबलोय ना!" व्रूऽऽम!

"वर तोंड करून बोलतोस आणि खालून गुरगुरतोस?"

"कुणाशी भांडताय?" बायकोनं डोळे न उघडता विचारलं.

"कुणाशी नाही गं, इंजिन गरम ठेवतोय."

आजीबाईंनी बॉनेटवर काठीचा एक प्रसाद दिला, तेव्हा त्यांचं समाधान झालं. उतारावर डॉक्टरांनी कमालच केली. फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "डॉक्टर! एकदाही रडली नाही हो माझी पोर! गाडी तुमची!"

बायकोनं डोळे उघडले. पिशवीत बघितलं. पिशवी रिकामी. "मानलं बुवा तुम्हाला," ती म्हणाली, आणि हे वाक्य डॉक्टरांनी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

ते एवढे हरखले, की मानवंदना घ्यायला उठायला गेले. उजवा पाय आला नाही. डावा मात्र क्लचवरून सुटला, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये होती! तिनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. बायकोनं इतका वेळ मोठ्या निर्धारानं जे पोटात ठेवलं होतं, ते पिशवीत आलं.

"हरलात," ती तोंड पुसत म्हणाली.

"गाडी थांबलेली होती! थांबलेल्या गाडीतलं धरत नाहीत!"

"आधी खाली उतरा," काका गरजले.

"नको. बरं आहे इथे."

काकांनी दार उघडून आत डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही. काका बाहेर आले तेव्हा शांत होते, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

"हा बूट कधी निघेल, डॉक्टर?"

इथे डॉक्टरांनी मान खाली घालायला हवी होती. पण प्रश्न धंद्याचा होता. "मी बसवलेली कॅप?" ते ताठ बसून म्हणाले. "जन्मात हलायची नाही!"

"छान! मग मी गाडी विकू कुणाला? तुमच्या मापाचा पाय शोधत गावभर फिरू?"

काकांनी कात्रीनं नाडी कापून पाय सोडवला. डॉक्टर एका मोज्यावर अंगणात उभे राहिले. आता गाडी घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि घ्यायची सोय नव्हती, कारण बायकोला दिलेला शब्द म्हणजे शब्द. त्यांचा चेहरा इतका पडला, की बायकोलाच कसंतरी झालं. ती वळसा घालून आली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिनं त्या बुटात पाय घातला.

"सैल आहे, पण चालेल. घेऊ या गाडी. चालवणाऱ्याला काही गाडी लागत नाही. बसा शेजारी."

घर टेकडीपलीकडे होतं. पहिल्याच वळणाला तिनं टिचकीबिचकी न मारता धाडकन गिअर टाकला. मागून काकांची किंकाळी ऐकू आली. "अगं, टिचकी!" डॉक्टर ओरडले. "ब्रेक न सोडता, हलक्या पायानं..." दुसऱ्या वळणाला त्यांचं कपाळ काचेला लागलं. "किती मजा येते हो यात!" ती हसत सुटली. "मला उगाच इतकी वर्षं बाजूला बसवलंत!" तिसऱ्या वळणाला डॉक्टरांनी शिकवणं बंद केलं. चौथ्याला त्यांनी तोंडावर हात धरला.

"अगं... जरा थांबव. मला... मळमळतंय."

"थांबवते हो," बायको गिअरवर हात टाकत म्हणाली. "फक्त एवढं पुढचं वळण घेऊ द्या. छान दिसतंय!"