पार्वतीबाईंची फेरीबोट

चौतीस वर्षांच्या पत्रकारितेत भिकाजी गावस यांनी मंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत अनेकांकडून शब्द घेतले होते. गप्प राहण्याचा शब्द मात्र कोणालाही दिला नव्हता. तो त्यांनी त्या रविवारी, बांगड्याच्या हुमणात भात कालवता कालवता, स्वतःच्या मुलीला देऊन टाकला.

"चार वाजता माझी परीक्षा," सेजल म्हणाली. "घरातूनच, लॅपटॉपवर. वीस मिनिटं घरात कसलाही आवाज नको."

"जबाबदारी माझी," भिकाजी म्हणाले.

"तुमची?" रुक्मिणीबाईंचा घास हातातच राहिला. "मगे झाली परीक्षा." (रुक्मिणीबाई माहेरच्या पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या. डिचोलीत तीस वर्षं काढली तरी नवऱ्यावर चिडायचं झालं की पेडण्याचीच बोली बाहेर येते.)

परीक्षा साधी नव्हती. सेजल डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. रुग्णाशी बोलायचं कसं, हे आता कॉलेजात संगणकावर शिकवतात. पडद्यावर एक बाई येते. ती खरी नसते, पण ऐकते, उत्तर देते, रडतेसुद्धा. तिला वाईट बातमी सांगायची, आणि तुम्ही ती कशी सांगितलीत याचे गुण संगणक आणि मॅडम मिळून देणार. सेजल दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा कारण एकच. वाईट बातमी सांगितली की रुग्णाला थोडा वेळ द्यायचा असतो. निदान दहा सेकंद डॉक्टरने तोंड मिटून बसायचं. सेजलला ते जमत नव्हतं. तिसऱ्याच सेकंदाला ती विचारायची, "कधीपासून दुखतंय? कोणाला सांगितलं होतं? तेव्हाच का आला नाहीत?"

"ही खोड खंयसून इली, ता माका म्हायत आसा," असं म्हणून रुक्मिणीबाईंनी दोन्ही वेळा नवऱ्याकडे बघितलं होतं.

ही तिसरी संधी, आणि शेवटची. हुकली तर इंटर्नशिप सहा महिने पुढे. बरोबरीची पोरं वॉर्डात फिरणार आणि सेजल घरात पडद्यावरच्या बाईपुढे बसणार.

"आणि बाबा, मध्येच एक नातेवाईक घुसतो," तिने सांगून ठेवलं. "नुसता आवाज येतो. कधी येईल, काय बोलेल, काही सांगत नाहीत. त्यालाही सांभाळायचं असतं."

पावणेचारला भिकाजींनी मोहीम हाती घेतली. आधी कुकर शेगडीवरून उतरवला. (आत चणे अर्धे कच्चे. रात्री ते तसेच खावे लागले.) शेजारच्या गौरेशला बुलेट वीस मिनिटं सुरू करायची नाही अशी तंबी दिली. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर पोदेराचा पोंगा वाजला. सायकलीवर पाव घेऊन येणारा तो माणूस बारा वर्षं रोज याच वेळी याच फाटकाशी पोंगा वाजवतो. भिकाजी अनवाणी धावले.

"वाजवू नको! आज वाजवायचं नाही!"

"मग पाव आले हे लोकांना कळणार कसं?"

"मी सांगतो लोकांना!" आणि खरोखरच, गोव्यातल्या तीन वृत्तपत्रांतून गाजलेल्या त्या माणसाने दहा घरांच्या दारात जाऊन कुजबुजत पाव आल्याची बातमी दिली.

चार वाजता ते सेजलच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद होता. गुदमरायला नको म्हणून दार वीतभर उघडं. बोलायचं नाही असं ठरलं होतं. ऐकायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मी पार्वती," आतून बाईचा थकलेला आवाज आला. "आमोण्याहून आले. रिपोर्ट काय म्हणतो, डॉक्टर?"

आमोणे! भिकाजींनी स्टूल दाराजवळ सरकवलं. आमोण्यातली एकेक शेतजमीन त्यांना ठाऊक होती.

"पार्वतीमावशी, बातमी चांगली नाहीये," सेजल हळू म्हणाली. "गाठ कर्करोगाची आहे."

मग काहीच नाही. भिकाजी बोटांवर मोजू लागले. एक. दोन. तीन. इथेच पोर घसरते. चार. पाच. सेजल गप्प! सहा. रुक्मिणीबाई स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभ्या. सात. भिकाजींच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात शिरला. आठ.

नवव्या सेकंदाला पार्वतीबाईच बोलल्या. "मागच्या महिन्यातच येणार होते. पण आमोण्याची फेरीबोट चुकली, आणि मग राहूनच गेलं."

"कसली फेरीबोट?"

ही गर्जना कोणाची, हे भिकाजींना क्षणभर कळलं नाही. तोवर ते खोलीत पोचले होते.

"आमोण्याला पूल होऊन किती वर्षं झाली! बातमी मी दिली आहे! कोणत्या फेरीबोटीतून येत होतीस तू? कोणी लिहिलं हे?"

पडद्यावरच्या बाईने पदर तोंडाशी नेला. खाली अक्षरं उमटली : नातेवाईकाचा प्रवेश.

"डॉक्टर," पार्वतीबाई रडवेल्या झाल्या, "हे का ओरडतायत माझ्यावर?"

भिकाजींना आत्ता कुठे आपण काय केलं ते उमगलं. मुलीचे सहा महिने त्यांनी एका फेरीबोटीत बसवून नदीत बुडवले होते. (तरीही पुलाचा मुद्दा बरोबर होता, हे त्यांच्या मनातून जाईना.)

सेजल उठली. तिने खुर्ची पुढे ओढली.

"बसा. तुम्ही रागावलात हे मला दिसतंय."

"रागावलो नाही! दुरुस्ती करतोय!"

"तुम्हाला खरं काय ते हवं आहे."

"अर्थात!"

"ते आपण नंतर नीट बोलू, मी शब्द देते. पण या बाईंना आत्ता कर्करोग झाल्याचं कळलंय. त्यांना या क्षणाला काय हवं असेल, काका?"

पोटच्या पोरीने काका म्हटलं तेव्हा भिकाजी खुर्चीत बसले. त्यांनी तोंड उघडलं, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यात प्रश्न नव्हता. सेजलही बोलली नाही. खोलीत तिघं होती, त्यातली एक तर नव्हतीच, आणि तिघंही गप्प. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला सेकंदांचा आकडा दहावरून अकरावर गेला, मग बारावर.

"बरं," पार्वतीबाईंनी डोळे पुसले. "आता पुढे काय करायचं, सांगा."

बुधवारी निकाल लागला. सेजल पास, तीही वर्गात पहिली. शेरा होता : 'संतापलेल्या नातेवाईकास अत्यंत धीराने हाताळले.' सेजलने लगेच मॅडमना फोन करून तो नातेवाईक आपला बाप असल्याचं कबूल केलं. मॅडम पोट धरून हसल्या. "मग दोन गुण वाढवायला हवेत! तुझे गुण तुलाच राहू देत. वॉर्डात असे रोज भेटतील."

निकालाच्या कागदावर खाली मात्र पडद्यावरची बाई घडवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञाचा वेगळा शेरा होता. सेजल तो लपवत होती. भिकाजींनी कागद हिसकावून घेतला.

'नातेवाईक हे पात्र कमालीचे भडक झाले आहे. असा माणूस प्रत्यक्षात असणे शक्य नाही. पुढील आवृत्तीतून काढून टाकावे.'

"शक्य नाही?" भिकाजी ताडकन उठले. त्याच दुपारी त्यांनी कंपनीला चार पानी पत्र धाडलं. मागण्या दोनच : आमोण्याची फेरीबोट तत्काळ बंद करावी, आणि मी आहे याची नोंद घ्यावी.

"पाणी घेवा," रुक्मिणीबाईंनी तांब्या पुढे केला. "तुम्ही रागावलात ह्या माका दिसताहा."

पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली. सेजलने ती घरी आणून लावली. संतापलेला नातेवाईक काढून टाकला होता. त्याच्या जागी एक मवाळ भाचा आला होता, जो सगळ्याला मान डोलावतो.

पार्वतीबाईंची फेरीबोट अजून चालू आहे. आता तर तिचा भोंगाही ऐकू येतो.